उपरणं ठेवा, मशीन न्या

परवा घरात पडद्याचा रॉड बसवायचा होता. शेजाऱ्याकडून ड्रिल मशीन आणलं, स्टुलावर चढलो, आणि बटण दाबायच्या आधी माझा हात आपोआप गळ्याकडे गेला. खांद्यावरचा टॉवेल काढून खाली टाकला. घड्याळ काढलं, बायकोच्या हातात दिलं. मग अंगठी. बायको खालून म्हणाली, "भोक पाडताय का आंघोळीला चाललाय?"

तिला काय सांगणार? ही सवय मला न्हावऱ्याच्या इंदूआक्कांनी लावली. आक्का जाऊन आता दोन पावसाळे झाले, पण कुठेही मशीन घरघरलं की मागून कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं मला अजून वाटतं.

मी तेव्हा न्हावऱ्यात दूध संस्थेचा सेक्रेटरी होतो. राहायला निमोण्यात, रोज मोटारसायकलवर जाऊन-येऊन. सकाळचं दूध गेलं की संध्याकाळच्या दुधापर्यंत सेक्रेटरीला काम असं नसतंच, आणि जे असतं ते मी करत नसे. संस्थेच्या गाळ्याला लागूनच आक्कांचा गाळा. मधे अर्धी भिंत, वर जाळी. त्यामुळे तिकडचं प्रत्येक वाक्य इकडे फुकट ऐकू येई, आणि मी फुकटचं काहीच वाया घालवत नाही.

आक्का मशिनं भाड्याने देत. लोखंड कापायचे ग्राइंडर, भोक पाडायची ड्रिल, लाकडाचा कटर, फरशी फोडायचा ब्रेकर. बाई उंचीला जेमतेम काउंटरच्या वर दिसेल एवढी. नऊवारी पातळ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि कुंकवाच्या वर ढकलून ठेवलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा गॉगल. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, ही बाई आत्ता पोहायला उतरणार. तो गॉगल कपाळावरून हलायचा तो मशीन चालवताना, तेव्हा तो डोळ्यांवर असे, आणि देवळात जाताना, तेव्हा तो कमरेला असे.

हा धंदा त्यांनी काढला नव्हता, तो नवऱ्याशी झालेल्या भांडणातून निघाला. त्यांचे मालक निवृत्तीआप्पा फॅब्रिकेशनची कामं करत. गेट, ग्रिल, कांद्याच्या चाळी. हात चांगला, पण स्वभाव घाईचा. ग्राइंडरच्या चकतीवर अर्धगोल लोखंडी झाकण असतं, त्याला गार्ड म्हणतात. फुटली चकती तर तुकडे माणसाच्या अंगावर येऊ नयेत म्हणून ते असतं. आप्पा नवीन मशीन आणलं की आधी गार्ड काढून भंगारात टाकायचे. "कोपऱ्यात जात न्हाई त्ये," म्हणायचे. गॉगलबद्दल तर, "म्या काय सिनेमातला हिरो हाय का?" एके दिवशी कुणाच्या तरी गेटचा पाइप कापताना चकती फुटली आणि तुकडा डाव्या डोळ्यात शिरला. पुण्याला नेलं, पण डोळा गेला तो गेलाच.

आप्पा पट्टी बांधून घरी आले त्या दिवशी आक्कांनी घरातली सगळी मशिनं उचलली आणि आतल्या खोलीत घालून कुलूप लावलं. "एक दिला. दुसरा देनार न्हाई," म्हणाल्या. आप्पा रुसले. जेवले नाहीत. मग जेवले. मशिनं तशीच पडून राहिली. पुढे शेजारचा कुणी ड्रिल मागायला आला, आक्कांनी त्याला दिलं आणि भाडं घेतलं, दुसरा आला, तिसरा आला. नवऱ्याच्या हातून मशीन काढून घेऊन ते गावाला भाड्याने देणारी बाई शिरूर तालुक्यात दुसरी झाली नसेल. बिचाऱ्या आप्पांना स्वतःचंच ग्राइंडर हवं असलं तर काउंटरच्या बाहेर उभं राहावं लागे. इतर गिऱ्हाइकांच्या मागे, रांगेत.

आणि डिपॉझिट! ते आक्का पैशात घेतच नसत. माणूस दुकानात आला की त्या त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायच्या. मुलगी दाखवायला आणल्यावर सासू बघते तसं. मग बोट दाखवून एकेक वस्तू मागायच्या. "उपरनं ठेव. कडं काढ. त्यो गळ्यातला गोफ. मनगटाचा दोरा बी." फिरत्या मशीनमध्ये जे जे म्हणून अडकू शकतं, ते डिपॉझिट. भिंतीवर खिळ्यांची रांग होती. प्रत्येक खिळ्यावर कुणाचं उपरणं, कुणाचा टॉवेल, टॉवेलच्या टोकाला गाठ मारून अंगठी. मशीन परत आलं की वस्तू परत. कोणतं मशीन कुणाकडे गेलंय हे आक्का खिळ्याकडे बघून सांगत. पाच वाजता ते दुकान यात्रेतल्या कपड्यांच्या पालासारखं दिसे. संस्थेत दूध घालायला येणारे लोक तर नुसत्या टॉवेलांवरून आज कुणाच्या घरी काय बांधकाम चाललंय ते ओळखायचे.

यावरून एकदा मोठा घोटाळा झाला. आमच्या निमोण्याचा एक नवा नवरा ड्रिल घेऊन गेला आणि लग्नातली अंगठी खिळ्यावर ठेवून गेला. संध्याकाळी मशीन परत द्यायला त्याचा भाऊ आला, त्याला अंगठीचं काही ठाऊक नाही, मशीन काउंटरवर ठेवून तो तसाच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी नवी नवरी स्कूटीवरून थेट दुकानापुढे. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांत जाळ. दूध घालणाऱ्यांची रांग लागलेली, सगळ्यांचे कान तिकडे.

"माझ्या मालकांची अंगठी तुमच्याकडं हाय म्हनं?"

"हाय की. आन् कडं बी हाय."

"लग्नातली अंगठी बोटातनं काढायची नसती, ठाव न्हाई का तुम्हाला?"

मी दुधाचं फॅट काढायचं थांबलो. आक्का शांतपणे म्हणाल्या, "स्कार्फ दे जरा तुझा." तिने दिला. आक्कांनी काउंटरवरचं ड्रिल घेतलं, गॉगल डोळ्यांवर ओढला, स्कार्फचं नुसतं टोक लोंबतं ठेवून जवळ नेलं आणि बटणाला हात लावला न लावला. खर्र झालं. आख्खा स्कार्फ ड्रिलच्या तोंडाला गोळा होऊन बसला.

"आता ह्यात गळा आसता, तर?" आक्का म्हणाल्या. "आन् अंगठीत बोट आसतं, तर? अंगठी दुसरी करता येती बाई."

मुलगी अंगठी घेऊन, स्कार्फ तिथेच टाकून गेली. पुढच्या वेळी नवरा आला तो अंगठी, कडं, गोफ, दोरा सगळं घरी काढून ठेवून. उघडा-बोडका. आक्का चिंतेत पडल्या, याच्याकडून डिपॉझिट काय घ्यायचं? त्याने आपली चप्पल काढून ठेवली, तर आक्का अशा कडाडल्या की माझ्या हातातलं दुधाचं माप हिंदकळलं. "अनवानी पायानं मशीन चालवनार व्हय रं? शॉक बसला की?" शेवटी त्याचा मोबाईल ठेवून घेतला. ते मशीन तासाभरात परत आलं. दुकानाच्या इतिहासात इतक्या लवकर कधी काही परत आलं नव्हतं.

परत आलेल्या मशिनाची तपासणी हा स्वतंत्र सोहळा असे. आधी वायर हाताने चाचपायची, कुठे कापली नाही ना. मग पिन. आमच्याकडे पिन बसत नसली की ती छाटून टाकायची, वायरीची उघडी टोकं बोर्डात घालायची आणि काड्यापेटीच्या काड्या ठोकून घट्ट करायची, ही रीत घरोघर आहे. आक्कांना ती पाहिल्याबरोबर ओळखू येई. "काडी लावली व्हय? चितेला ठेव ती," असं त्या एका पिळदार मिश्यांच्या माणसाला म्हणालेल्या मी ऐकलंय. मग सायकलच्या पंपाने धूळ उडवायची, आणि शेवटी मशीन मोकळं फिरवून मान तिरकी करून ऐकायचं. "कार्बन संपत आलाय," म्हणायच्या, आणि उघडल्यावर आतले कोळशाचे तुकडे खरंच झिजलेले निघायचे. ब्रेकरला त्या 'मोठ्या जाऊबाई' म्हणत, आवाज फार आणि उचलायला जड म्हणून. ग्राइंडरला 'नणंद'. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि त्यांची नणंद संस्थेची सभासद असल्यामुळे मीही विचारलं नाही.

पण त्यांचा खरा राग होता तो ग्राइंडरच्या लॉकवर. बटण दाबून एक खटका पुढे सरकवला की बोट काढलं तरी मशीन फिरत राहतं, हात दुखू नये म्हणून केलेली सोय. आक्कांनी आपल्या प्रत्येक ग्राइंडरचा तो खटका रंगाऱ्याची लांबी भरून कायमचा बुजवून टाकला होता. गिऱ्हाईक कुरकुरायचं. आक्का म्हणायच्या, "मानूस पडला तरी मशीन फिरतंय, ह्यो कसला इमानदार गडी? बोट काढलं की थांबलं पायजे. न्हाई थांबलं तर माझ्या दुकानात त्याला जागा न्हाई."

अशी ही बाई एकदा चुकली. आणि चुकली ती दसऱ्याला, साहेबांच्या पुढ्यात.

आक्कांनी पाइप कापायचं मोठं कटर मशीन नवीन आणलं होतं. आप्पांच्या डोक्यात आलं, दसऱ्याला कारखान्याच्या राजकारणातले एक साहेब गावात येणार आहेत, त्यांच्याच हातून पहिला पाइप कापून घेऊ. खंडेनवमीला आक्कांनी सगळी मशिनं पुसून लख्ख केली, हळदकुंकू वाहिलं, आरती केली. दसऱ्याला साहेब आले. डोक्याला फेटा, फेट्याचा शेमला कमरेपर्यंत, खांद्यावर शाल, गळ्यात गुडघ्याला टेकणारा हार, दहा बोटांत सहा अंगठ्या. मागे कार्यकर्ते, पुढे मोबाईल धरलेले कार्यकर्ते.

"साहेब, हार काढा," आक्का म्हणाल्या.

निवडणूक तोंडावर आलेली. एक कार्यकर्ता माझ्या कानाशी कुजबुजला, "ही बाई इरोधी पॅनलची हाय का?"

"शाल बी काढा. आन् शेमला आत खोचा. अंगठ्या हितं ठेवा."

साहेब माणूस चतुर. हसत हसत एकेक काढत गेले. खिळे कमी पडले, तेव्हा हार माझ्या गळ्यात आला. आयुष्यात एवढा मोठा हार मला तेवढाच मिळाला. आक्कांनी गॉगल पुढे केला, तो साहेबांनी निमूट घातला. फेटा आणि गॉगल अशा वेषात साहेब कटरपुढे उभे राहिले, एका हाताने दांडा धरला, मोबाईलवाले सरसावले.

"थांबाऽऽ!"

आप्पा मागून ओरडले आणि बोर्डाकडे झेपावून त्यांनी पिनच उपटली. साहेब दोन पावलं मागे, कार्यकर्ते चार. आप्पांनी बोट दाखवलं. नव्या मशीनच्या दांड्याला झेंडूची भरगच्च माळ घातलेली होती, आणि तिचं टोक बरोब्बर चकतीवर लोंबत होतं. माळ आक्कांनीच घातलेली. साऱ्या गावाच्या गळ्यातलं काढणाऱ्या बाईंना देवाच्या गळ्यातलं दिसलंच नव्हतं.

साहेब म्हणाले, "आक्का, आमचा काढलात, ह्याचा राहिला की!"

आक्का लाजेने लालेलाल. माळ काढली, पाइप कापला, फोटो झाले. पण आप्पांनी हे पुढे वर्षभर गावाला पुरवलं. पारावर, चहाच्या टपरीवर, संस्थेच्या रांगेत. "दोन डोळ्यास्नी दिसलं न्हाई, एकाला दिसलं!" आक्का ऐकून घ्यायच्या. पुढच्या दसऱ्यापासून मशिनांना फक्त हळदकुंकू, फुलं समोर ताटात. "देवाला ताटातलं बी दिसतं," म्हणाल्या. आणि त्या दिवसापासून आप्पांना रांगेत उभं करणं बंद झालं, हे माझ्या लक्षात आलं. मशीन द्यायच्या गॉगलसकटच, पण काउंटरच्या आत बोलावून.

मग काही वर्षांनी तो एक डोळाही रुसला.

हे कळलं ते असं. आक्कांनी जनरेटरवर धूळ बसू नये म्हणून पांढरं धोतर टाकलं होतं. सकाळी आप्पा दुकानात आले आणि जनरेटरला वाकून म्हणाले, "रामराम पाटील, लई सकाळी?" मला हसू फुटलं. जाळीतून बघितलं तर आक्का हसत नव्हत्या. त्या आप्पांच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. आप्पांनी किती दिवस लपवलं होतं कोण जाणे.

मोतीबिंदू निघाला. त्यांची मुलगी दौंडला दिलेली, तिने तिथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात दाखवलं. ऑपरेशन करावं लागेल, उशीर केला तर अवघड होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. साधं ऑपरेशन, गावात घरटी एकाचं झालेलं. पण आक्का हटून बसल्या. मुलीच्या तोंडून त्यांनी एकच शब्द ऐकला होता: मशीननं करतात.

"त्या डोळ्याला मशीन लावू द्यायचं न्हाई," त्या मला म्हणाल्या. "सेक्रेटरी, दोन आसते तर दिला आसता एक. एकच हाय. हात हालला तर? लाईट गेली तर?"

"अहो आक्का, नाही केलं तरी जाणारच की तो."

"व्हय. पर त्यो आपनहून जाईल. म्या घालवला असं व्हनार न्हाई."

आप्पा दिवसेंदिवस भिंतीला हात लावत चालू लागले. आक्का गिऱ्हाइकांवर विनाकारण खेकसू लागल्या. एका माणसाला तर त्यांनी मिशी आखूड करायला लावली. गमतीची गोष्ट म्हणून मी ती सगळीकडे सांगितली, पण खरं सांगतो, त्या दिवसांत मला आक्कांची फार दया यायची. दोन्हीकडून भीती होती आणि निर्णय त्यांच्या एकटीच्या गळ्यात होता. आप्पांना विचारलं तर ते म्हणायचे, "इंदी म्हनंल तसं."

एक दिवस आक्का जाळीशी येऊन म्हणाल्या, "सेक्रेटरी, संस्थेची व्हॅन काढा. म्या मशीन बघून येनार हाय. न बघता म्या कवा घेतलं न्हाई न् दिलं न्हाई."

दौंडच्या त्या डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांच्यापुढे अशी नऊवारी आणि कपाळावर गॉगल कधी आला नसावा. पण त्यांनी आक्कांना नीट बसवलं, आणि ऑपरेशन थिएटरच्या दारातून मशीनही दाखवलं. आक्कांनी प्रश्न सुरू केले.

"अर्थिंग?"

"आहे. दर महिन्याला तपासतो."

"लाईट गेली तर?"

"बॅटरी आहे. मशीन थांबत नाही."

"थांबत न्हाई?" आक्कांचा चेहरा पडला. "म्हंजी तुम्हाला थांबवायचं आसंल तरी?"

"तसं नाही मावशी. ते मी पायाने चालवते. हे बघा, खाली पेडल आहे. पाय दाबला की चालू, पाय उचलला की बंद. त्याच क्षणी."

आक्का खाली वाकल्या. दारातूनच, पण चांगल्या वाकून त्या पेडलकडे बघत राहिल्या.

"ह्याला लॉक न्हाई?"

"नाही."

"पाय काढल्यावर आपोआप चालू राहायचा काय खटका-बिटका?"

"काहीच नाही."

आक्का उठून उभ्या राहिल्या. पदराने तोंड पुसलं. "मग करा," म्हणाल्या.

ऑपरेशनच्या दिवशी मी सोबत होतो. आप्पा आत गेले आणि आक्का बाकावर ताठ बसल्या. चहा नको, पाणी नको. मुलगी काही बोलायला लागली तर, "गप. आवाज ऐकू दे." बंद दारातून कसला आवाज येणार? पण त्या मान तिरकी करून ऐकत होत्या. थोड्या वेळाने त्यांचा हात माझ्या हातावर आला. लहान, राठ हात, गार पडलेला. मी तो धरून ठेवला. आम्ही दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती. रात्रभर आप्पांना दोन्हीकडून अंधार, त्यामुळे आक्का त्यांच्या उशाशी होत्या. डॉक्टर बाईंनी पट्टी सोडवली, कापसाने डोळा पुसला, दोन पावलं मागे सरकल्या आणि हात वर केला.

"आप्पा, किती बोटं?"

आप्पांनी डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मग मान वळवली आणि ते डॉक्टरांच्या हाताकडे न बघता भलतीकडेच बघायला लागले. आक्कांचा जीव खाली-वर.

"आवो, तिकडं बघा! डॉक्टर काय इचारत्यात? किती बोटं?"

"आसतील तेवढी हायेत. दम धर."

"दम काय धर? दिसतंय का न्हाई त्ये सांगा आधी!"

"दिसतंय," आप्पा म्हणाले. ते आक्कांकडेच बघत होते, खालपासून वरपर्यंत, अगदी सावकाश. "इंदे, केस कवा पिकले गं तुझे एवढे?"

आक्कांनी तोंड उघडलं. आता काहीतरी जोरदार ऐकायला मिळणार म्हणून मी सरसावून बसलो. पण पदर डोक्यावर ओढून त्या उभ्याच राहिल्या, आप्पा बघत होते तोवर, आणि डॉक्टर बाई तीन बोटं वर धरून थांबल्या होत्या.